आय.टी.आय.च्या परीक्षेत मुलगा नापास झाला, आता काय करावे?

निकाल लागला त्या दिवशी प्रस्तुत लेखक एका गॅरेजमध्ये बसला होता. गाडीची क्लचप्लेट बदलून होईपर्यंत चहा आला आणि चहाबरोबर मालकाच्या घरची बातमीही आली. त्यांचा मुलगा आय.टी.आय.ला यांत्रिक मोटारगाडी या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षाला होता. नापास झाला होता. "दोन साल गेली, फी गेली, बसचे पैसे गेले. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, आपल्या पोरांचं काम हातात असतं, कागदात नसतं. उद्यापासून इथंच पाना धरील," असे मालक म्हणाले. मुलगा कोपऱ्यात ऑइलचे रिकामे डबे उगाचच इकडचे तिकडे करीत होता.

"कशात नापास झाला?" मी विचारले. बापाला माहीत नव्हते. मुलालाही नीट सांगता येईना. मोबाइलवर 'फेल' एवढा शब्द दिसला आणि त्याने फोन खिशात घातला. "अब्बा ओरडतील म्हणून पुढं बघितलंच नाही, चाचा," तो हळूच म्हणाला. मग तिघांनी मिळून गुणपत्रिका उघडली. प्रॅक्टिकलमध्ये गुण चांगले होते. थिअरीत मात्र तो चार गुणांनी राहिला होता. म्हणजे ज्या कामासाठी त्याला पाठवले ते काम त्याला येत होते. लेखी परीक्षेत ते सांगता आले नाही, एवढेच.

चार गुणांपायी दोन वर्षे पाण्यात सोडायला तो बाप निघाला होता. आपल्या मोहल्ल्यांत हे दर वर्षी घडते. मुलगा एका विषयात राहतो, घरात आरडाओरडा होतो, दुसऱ्या दिवशी तो दुकानात किंवा लूमवर बसतो आणि पुन्हा संस्थेचे तोंड पाहत नाही. प्रमाणपत्र कायमचे हुकते. म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे.

प्रथम गुणपत्रिका पाहा

नापास हा एकच शब्द असला तरी त्याचे प्रकार अनेक आहेत. आय.टी.आय.च्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेत प्रॅक्टिकलला आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला किमान ६० टक्के गुण लागतात. इतर विषयांना ३३ टक्के पुरतात. कृपागुण मिळत नाहीत. त्यामुळे प्रॅक्टिकलला ५५ टक्के मिळवणारा मुलगा नापास ठरतो आणि थिअरीला ३५ टक्के मिळवणारा पास होतो. हा हिशेब पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो. शाळेत ५५ टक्के म्हणजे चांगले पास, म्हणून ते 'सायबांनी मुद्दाम पाडलं' असे समजतात.

दुसरे असे की गुणपत्रिकेवर कधी कधी मुलगा नापास नसतो, गैरहजर दाखवलेला असतो. परीक्षेला बसला, पण हजेरीची किंवा प्रॅक्टिकलच्या गुणांची नोंद संगणकावर चढली नाही, असे होऊ शकते. अशा वेळी रडत बसण्यात अर्थ नाही. प्रवेशपत्र आणि गुणपत्रिका घेऊन त्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि दर आठ दिवसांनी चौकशी करावी. तोंडी सांगितलेले कोणी लक्षात ठेवीत नाही. पोच असलेला कागद मात्र फाइलीत राहतो.

खरोखर नापास असेल तर फक्त राहिलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यायची असते, सगळी दोन वर्षे पुन्हा नव्हेत. पुरवणी परीक्षेचा अर्ज आपल्याच संस्थेमार्फत भरायचा असतो आणि त्याची मुदत थोडी असते. वृत्तपत्रात जाहिरात येईल म्हणून वाट पाहू नये. निदेशकांचा फोन नंबर घेऊन ठेवावा आणि त्यांना महिन्यातून एकदा विचारावे. ज्यांचे पहिले वर्षच अडले आहे त्यांनीही संस्थेत विचारल्याशिवाय दुसरे वर्ष सोडू नये. विषयांची रचना आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा शेजारच्या मुलाचा चार वर्षांपूर्वीचा नियम आपल्याला लागू आहे असे धरू नये.

हात चालतो, पेन का अडते?

आपली मुले प्रॅक्टिकलपेक्षा लेखीत जास्त अडकतात, असा या लेखकाचा अनुभव आहे. त्याचे कारण बुद्धी कमी हे नव्हे. गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाला इंजिनाच्या आवाजावरून व्हॉल्व्ह की बेअरिंग हे कळते. पण प्रश्नपत्रिकेत तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत विचारलेली असते. उस्तादाने दहा वर्षांत कधी 'लघुत्तम माप' हा शब्द उच्चारलेला नसतो. तो फक्त म्हणतो, "बघ, दोन सूत जास्त आहे."

व्हर्निअर कॅलिपरचेच उदाहरण घ्या. मुख्य पट्टीवर एक-एक मिलिमीटरच्या रेघा असतात आणि सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरचे ५० सारखे भाग केलेले असतात. एका मिलिमीटरला ५० ने भागले की ०.०२ मिलिमीटर येते. हेच त्या साधनाचे लघुत्तम माप. मुलगा हे माप रोज घेतो, पण '५० भाग, तर लघुत्तम माप किती' असे विचारले की अडतो. लेथवर काम करणारा कातारी कोणत्या रॉडला किती वेग ठेवायचा हे चिपेच्या रंगावरून सांगतो. परीक्षेत मात्र विचारतात: ४० मिलिमीटर व्यासाचा रॉड मिनिटाला २०० फेरे फिरतो, तर कर्तनवेग किती? ३.१४ गुणिले ४० गुणिले २००, भागिले १०००, म्हणजे मिनिटाला सुमारे २५ मीटर. एका ओळीचे गणित आहे. वीजतंत्रीला विचारतात, २३० व्होल्टवर १००० वॅटची इस्त्री किती अँपिअर घेईल? १००० ला २३० ने भागा, सव्वाचारच्या थोडे वर. असे वीस-पंचवीस नमुने हाताखालून गेले तर ३३ टक्क्यांची भीती उरत नाही.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी असते. त्यांना विषय कळतो, शब्द कळत नाही. अशांनी एक वही करावी. एका बाजूला वर्कशॉपमधला शब्द, समोर पुस्तकातला इंग्रजी आणि मराठी शब्द, खाली स्वतःच्या भाषेत एक ओळ. दीडशे-दोनशे शब्दांत बहुतेक थिअरी येऊन जाते. चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था, जिला सगळे 'निमी' म्हणतात, १९८६ मध्ये सुरू झाली. आय.टी.आय.ची पुस्तके तीच तयार करते आणि ती प्रादेशिक भाषांतही निघतात. केंद्र सरकारच्या 'भारत स्किल्स' या संकेतस्थळावर प्रश्नसंच फुकट मिळतात. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. थिअरीची परीक्षा आता संगणकावर होते, म्हणून ज्याने कधी माउस धरला नाही त्याने सायबर कॅफेत चार दिवस बसून सराव करावा. बटण चुकीचे दाबले म्हणून गुण गेल्याचे रडगाणे नको.

प्रॅक्टिकलला अडलेल्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे नुसता जॉब झाला की भागत नाही. परीक्षक ड्रॉइंग वाचता येते का, सुरक्षेचे नियम पाळले का, माप ड्रॉइंगप्रमाणे आले का आणि चूक झाली तर ती शोधून दुरुस्त करता येते का, हे सर्व पाहतो. दुकानात चष्मा न घालता ग्राइंडरवर बसणारा पोरगा परीक्षेतही तसाच बसतो आणि गुण घालवतो. जोडारी व्यवसायातला मुलगा कानस चांगली चालवतो, पण ड्रॉइंग न वाचता घाईने पत्रा कापतो, मग माप कमी भरले की ते वाढवता येत नाही. उस्तादांनी महिनाभर जरी त्याला तोंडी काम सांगण्याऐवजी कागदावर आकृती काढून दिली, 'हे वाच आणि कर' असे म्हटले, तर ही खोड जाईल.

शिकाऊ उमेदवारांचे काय?

कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्यांचा कायदा वेगळा आहे, शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. प्रशिक्षणाची मुदत संपली की व्यवसाय शिकाऊ उमेदवाराने परीक्षा द्यायची असते आणि पास झाल्यावर त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नापास झाला तरी त्याने प्रशिक्षण घेतलेच नाही असे होत नाही. म्हणून आस्थापना सोडताना मुदत पूर्ण केल्याचे पत्र आणि कोणकोणत्या विभागात किती महिने काम केले त्याची नोंद मागून घ्यावी. उमेदवारांच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवणे हे मालकाचे कायदेशीर काम आहे, मेहरबानी नव्हे. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरताना हे कागद लागतात आणि मग कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही.

विद्यावेतन अडवले, काम शिकवण्याऐवजी झाडू मारायला लावला, परीक्षेला पाठवलेच नाही, अशा तक्रारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतात. या कायद्याच्या कलम २० प्रमाणे मालक आणि उमेदवार यांच्यातला करारासंबंधीचा वाद तोच सोडवतो आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत अपील करता येते. शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, त्यामुळे युनियनकडे धाव घेऊन उपयोग होत नाही. जिल्ह्याच्या आय.टी.आय.मध्ये मूलभूत प्रशिक्षण केंद्र असते, तेथे चौकशी करावी.

या प्रमाणपत्रासाठी इतका आटापिटा कशाला, असे काही जण विचारतील. प्रशिक्षण संपल्यावर मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, हे खरे. परंतु उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे ठरवले की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य मिळावे. रेल्वेतही तेथेच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी खालच्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा ठेवल्या आहेत. हे लाभ प्रमाणपत्र हातात असलेल्यालाच मिळतात. आपली मुले या रांगेत कमी दिसतात. २००६ च्या सच्चर समितीने आपला समाज नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहे हे दाखवले होते आणि आय.टी.आय.च्या प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी अशी शिफारस केली होती. प्रवेश मिळवणारी मुले शेवटच्या पायरीवरून परत फिरली तर त्या शिफारशीचा काय उपयोग?

दलालांपासून सावध

निकालानंतर पंधरा दिवसांत एखादा 'भाई' भेटतो. "परीक्षा कशाला, पंधरा हजारांत सर्टिफिकेट आणून देतो, आखातात कोण तपासतो?" असे म्हणतो. तपासतात. आता प्रमाणपत्रे संगणकावर असतात आणि पडताळणीला दोन मिनिटे पुरतात. परदेशी नोकरीसाठी कागद साक्षांकित करावे लागतात आणि बनावट कागद तेथे सापडला तर नोकरी जाते, तुरुंगही होऊ शकतो. घरच्यांनी दागिने मोडून दिलेले पैसे बुडतात ते वेगळेच.

कोकणातल्या वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आखाती देशांत जाणाऱ्या दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर एमिग्रेशनची परवानगी लागते. पण मान्यताप्राप्त संस्थेतला दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेतलेल्यांना या परवानगीतून सूट आहे. राहिलेला एक विषय सोडवण्याचे हेही एक कारण. एजंट नोंदणीकृत आहे का ते पाहावे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला पावती मागून पाहा, तो विषय बदलतो.

वेल्डरांची स्थिती थोडी बरी आहे. पाइपलाइन, तेल शुद्धीकरण यांसारख्या कामांत कंपनी प्रमाणपत्र पाहते, पण शेवटी जॉब करून दाखवावाच लागतो. पाइप ४५ अंशांत तिरका, न फिरवता पूर्ण वेल्ड करायचा, याला सिक्स-जी म्हणतात. तो जोड क्ष-किरण किंवा वाकवण्याच्या चाचणीत टिकला की वेल्डर पास. लेखी परीक्षेत मागे पडलेला, पण हाताने पक्का असा संधाता या चाचणीची तयारी करून आपली किंमत वाढवू शकतो. सौदी अरबनेही प्लंबर, वीजतंत्री, वेल्डर अशा कामगारांची कौशल्य चाचणी भारतातच घेणे सुरू केले आहे.

दुसऱ्या वाटा

काहींना परीक्षा पुन्हा द्यायचीच नसते, किंवा घरची परिस्थिती तशी नसते. त्यांच्यासाठी 'पूर्वशिक्षणाची मान्यता' नावाची सोय २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत आहे. ज्याला काम येते त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. हे प्रमाणपत्र आय.टी.आय.च्या बरोबरीचे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. सरकारी भरतीत ते चालेल असे कोणी सांगितले तर जाहिरात स्वतः वाचावी.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत. सुतार, लोहार, कुलूप-चाव्या बनवणारा, सोनार, चांभार, गवंडी, शिंपी, न्हावी वगैरे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो. पुढे पाच टक्क्यांनी एक लाख आणि नंतर दोन लाख कर्जाची तरतूद आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही त्यांनी प्रशिक्षण आणि हत्यारे घ्यावीत, कर्ज घेण्याची सक्ती नाही. गॅरेजवाले, वेल्डर आणि वीजतंत्री मात्र या १८ धंद्यांत बसत नाहीत. अर्ज भरून देतो म्हणून त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावे.

आणि व्यवसायच चुकला असेल तर? मुलाला लोखंड आवडत नाही, पण मामाने सांगितले म्हणून जोडारीला घातला, असेही होते. मग दुसऱ्या, एका वर्षाच्या व्यवसायाचा विचार करण्यात कमीपणा नाही. मिरजेचे सतार बनवणारे शिकलगार घराणे मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम सरले तेव्हा त्यांनी भोपळा आणि लाकूड हातात घेतले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दुकानदार आणि कारखानदारांसाठी

हे पान वाचणाऱ्यांत मालक अधिक आहेत, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार माणसे असलेले छोटे वर्कशॉपही इच्छा असल्यास घेऊ शकते. त्याच वर्षी विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणानुसार ५ ते ९ हजार रुपये ठरली. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार त्यातला चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, उचलते. आपल्याकडे पोरगा 'शागीर्द' म्हणून पाच-पाच वर्षे राबतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे एक चिठ्ठीही नसते. तोच नोंदणी करून घेतला तर त्याला परीक्षेचा रस्ता मिळतो आणि मालकाचा भारही हलका होतो. नोंदणी ऑनलाइन आहे. दुकानाचा परवाना, पॅन आणि बँकेचा तपशील लागतो.

ज्यांच्याकडे नापास झालेला मुलगा कामाला आहे त्यांनी निदान एवढे करावे की परीक्षेआधी दोन महिने त्याला संध्याकाळी दोन तास मोकळे सोडावे. गिऱ्हाइकाची गाडी सकाळीही होते.

गेल्या महिन्यात त्या गॅरेजमध्ये पुन्हा जाणे झाले. हत्यारांच्या फळीवर, पान्यांच्या वर, एक पुठ्ठा चिकटवला होता. त्यावर शब्द लिहिले होते, एका बाजूला 'जाम', समोर 'सीझर', एका बाजूला 'धूर', समोर 'एक्झॉस्ट उत्सर्जन', असे पन्नासेक. खाली कोणीतरी पेन्सिलने व्हर्निअर काढला होता. अर्ज भरून झाला होता, प्रवेशपत्र यायचे होते. मालक म्हणाले, "पेपर शनिवारी आला तर पंचाईत. शनिवारी माझ्याकडे सगळ्यात जास्त गाड्या असतात." मग जरा थांबून म्हणाले, "बघू, त्या दिवशी भाच्याला बोलावतो."